ऑरगॅनिक टर्की कशी निवडायची आणि कशी भाजायची: थँक्सगिव्हिंगच्या आधी सगळे विचारतात ते प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळींचे तेच ते प्रश्न यायला लागतात. कुणाकडे पहिल्यांदाच टर्की होणार असते, कुणाच्या मुलांनी हट्ट धरलेला असतो, कुणाचे सासू-सासरे इंडियाहून आलेले असतात आणि निम्मं घर शाकाहारी असतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. वजन पाउंडात आणि तापमान फॅरनहाइटमध्ये दिलंय, कारण इथल्या पाकिटांवर आणि ओव्हनवर तेच असतं. कॅनडा आणि इंग्लंडवाल्यांसाठी अगदी शेवटी वेगळं उत्तर आहे.

ऑरगॅनिक टर्की म्हणजे नक्की काय? साध्या टर्कीपेक्षा वेगळं काय असतं तिच्यात?

अमेरिकेत ऑरगॅनिक हा शब्द पाकिटावर कुणी मनाला येईल तसा छापू शकत नाही, त्यामागे यूएसडीएचे, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याचे नियम आहेत. खाद्य सगळं ऑरगॅनिक पाहिजे, जीएमओ म्हणजे जनुकं बदललेलं मका-सोयाबीन चालत नाही, अँटिबायोटिक्स चालत नाहीत आणि पक्ष्यांना बाहेर मोकळ्यावर जायची सोय असली पाहिजे. पक्षी आजारी पडला तर उपचार करावेच लागतात, औषध टाळून त्याला मरू देता येत नाही, पण औषध दिल्यावर तो पक्षी ऑरगॅनिक म्हणून विकता येत नाही. एक बारीक सूट आहे जी बऱ्याच जणांना माहीत नसते: हे नियम पिल्लाच्या आयुष्याच्या दुसऱ्या दिवसापासून लागतात, म्हणजे पिल्लू साध्या हॅचरीतून आणलेलं असू शकतं.

आता मुद्द्याचं. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते पक्षी कसा वाढला यासाठी, आणि मला ते पैसे वसूल वाटतात. पण शिक्का आहे म्हणून टर्की आपोआप मऊ आणि रसरशीत होणार नाही. ते मीठ, वेळ आणि थर्मामीटर या तीन गोष्टींवर ठरतं. खाली बरंचसं त्याबद्दलच आहे.

नॅचरल, फ्री रेंज, हॉर्मोन-फ्री, हेरिटेज... इतके शब्द असतात, कुठल्यावर विश्वास ठेवायचा?

नॅचरल म्हणजे मांसात कृत्रिम रंग-चव घातलेली नाही आणि फार प्रक्रिया केलेली नाही, एवढंच. पक्षी कसा वाढवला याबद्दल तो शब्द काहीच सांगत नाही, त्यामुळे नॅचरल वाचून ऑरगॅनिक समजू नका, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. हॉर्मोन-फ्रीसाठी एक पैसासुद्धा जास्त देऊ नका, कारण अमेरिकेत कोंबडी-टर्कीला हॉर्मोन द्यायला कायद्यानेच बंदी आहे, सगळ्यात स्वस्त टर्कीलासुद्धा. फ्री रेंज म्हणजे बाहेर जायची सोय, पण खाद्य आणि औषधांबद्दल त्यात काही नाही.

हेरिटेज हे वेगळंच प्रकरण आहे, तो जातीचा प्रश्न आहे. बाजारातली बहुतेक टर्की ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट जातीची असते, ऑरगॅनिकमध्येसुद्धा. तिची छाती इतकी मोठी केलेली आहे की तिचं नैसर्गिक प्रजननसुद्धा होत नाही, कृत्रिम रेतन करावं लागतं. नॅरागॅन्सेट, बर्बन रेड अशा जुन्या जाती हळू वाढतात, छाती लहान, मांड्या मोठ्या आणि मांसाला चव जास्त. आपल्याकडे गावठी कोंबडी आणि ब्रॉयलरमध्ये जो फरक आहे तसाच समजा. रश्शाची आवड असलेल्यांना हेरिटेज फार आवडते. पण ती ऑरगॅनिक असेलच असं नाही, दोन्ही हवं असेल तर शेतकऱ्याला स्पष्ट विचारा.

कुठून घ्यायची आणि कधी ऑर्डर करायची?

फ्रेश ऑरगॅनिक हवी असेल तर ऑक्टोबरमध्येच नाव नोंदवा. जवळच्या शेतावरून किंवा फार्मर्स मार्केटमधून घेणार असाल तर बहुतेक ठिकाणी थोडे पैसे आधी भरायचे आणि थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात जाऊन आणायची अशी पद्धत असते. होल फूड्ससारख्या दुकानातही आधी बुकिंग घेतात. शेवटच्या दोन दिवसांत गेलात तर मोठे मोठे पक्षीच उरलेले असतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा, इथे फ्रेश म्हणजे २६ डिग्रीच्या खाली कधीच न गेलेली. २६ डिग्री हे पाणी गोठायच्याही खाली आहे, त्यामुळे फ्रेश लिहिलेली टर्की हाताला कडक लागली, आत बर्फाचे कण सापडले तर दुकानदाराने फसवलं असं नाही. फक्त एक दिवस आधी आणून फ्रिजमध्ये ठेवा.

फ्रोझन घ्यायला काहीच हरकत नाही. फ्रोझन ऑरगॅनिक आणि फ्रेश साधी यात निवडायचं असेल तर मी फ्रोझन ऑरगॅनिक घेईन.

किती मोठी घेऊ? बारा जण येतायत.

बारातले मांसाहारी किती ते आधी मोजा! आपल्या घरांमधल्या जेवणाचा हिशोब अमेरिकन रेसिपीप्रमाणे लागत नाही, कारण टेबलावर शिवाय मटार पुलाव, भरली वांगी आणि कुणीतरी आणलेला श्रीखंडाचा डबा असतोच. मांसाहारी माणशी १ ते दीड पाउंड धरा, हाडांसकट. सहा जण असतील तर ८-९ पाउंडाची पुरते, उरलेलं हवं असेल तर १२ पाउंडाची घ्या. मांसाहारी चारच असतील तर अख्खी टर्की आणूच नका, हाडासकटचं ऑरगॅनिक ब्रेस्ट मिळतं ५-६ पाउंडाचं, ते ३२५ डिग्रीला साधारण दोन तासांत होतं. आणि वीस जण असतील तर एक २२ पाउंडाची घेण्यापेक्षा दोन ११-११ पाउंडाच्या घ्या, मोठ्या पक्ष्याची मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी पडते.

फ्रीझरमधून कधी काढायची?

फ्रिजमध्ये दर ४-५ पाउंडाला एक अख्खा दिवस. म्हणजे १२ पाउंडाची टर्की तीन दिवस घेते. थँक्सगिव्हिंग गुरुवारी असतं, त्या दिवशी भाजायची आणि त्याआधी दोन दिवस मीठ लावून ठेवायची असेल (ते का ते खाली आहे) तर आदल्या शनिवारी फ्रिजमध्ये गेली पाहिजे. खाली काठ असलेला ट्रे ठेवा आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा, तिचं पाणी कोथिंबिरीवर नाहीतर दह्याच्या भांड्यावर गळायला नको.

ओट्यावर रात्रभर ठेवून वितळवायची नाही, बाहेरचा भाग गरम होऊन त्यात जंतू वाढतात आणि आत अजून दगडच असतो. घाई असेल तर पाकिटासकट गार पाण्यात, दर पाउंडाला ३० मिनिटं, आणि दर ३० मिनिटांनी पाणी बदलायचं. १२ पाउंडाला सहा तास गेले म्हणून समजा. अशी वितळवलेली लगेच शिजवायची, परत फ्रिजमध्ये ठेवून द्यायची नाही. गुरुवारी सकाळी अजून कडकच असेल तर त्यासाठी खाली वेगळा प्रश्न आहे.

चिकन आपण हळद-मीठ लावून तीनदा धुतो. टर्की कशी धुवायची? ऑरगॅनिक आहे म्हणजे जंतू कमी असतील ना?

धुवायची नाही. मला माहितीये हे पचायला जड जातं, आपल्या आयांनी न धुतलेलं चिकन भांड्यात टाकूच दिलं नसतं. पण एवढं मोठं धूड सिंकमध्ये नळाखाली धरलं की पाणी उडतं, आणि त्याबरोबर साल्मोनेलाचे जंतू सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या काकडी-टोमॅटोवर. इथली टर्की साफ होऊनच येते. जंतू मरतात ते शिजवण्याने, धुण्याने नाही. आणि ऑरगॅनिक शिक्क्याचा जंतूंशी संबंध नाही, तितकीच काळजी घ्या. पेपर टॉवेलने आतून-बाहेरून नीट टिपून घ्या, तेवढं पुरे. हळद लावायची असेल तर कोरड्या अंगाला लावा, रंग छान येतो.

टिपताना दोन्हीकडून आत हात घालून बघा. पोटाच्या पोकळीत मान असते आणि मानेकडच्या बाजूला कातडीखाली कलेजी-पेट्याची पिशवी, ती कागदाची किंवा प्लास्टिकची असते आणि लोक ती तशीच भाजतात. मान आणि पेटा मिठाच्या पाण्यात कांदा-मिरी घालून उकळा, मस्त आळणी होते, ग्रेव्हीला तीच वापरायची. कलेजी त्यात टाकू नका, कडू होते, वेगळी परतून खा.

मीठ कधी आणि किती लावायचं? बादलीत पाण्यात बुडवून ठेवतात ते करू का?

बादलीची गरज नाही. कोरडं मीठ चोळा, दोन दिवस आधी, मंगळवारी रात्री. दर ४-५ पाउंडाला एक टेबलस्पून जाड कोशर मीठ, बारीक मीठ असेल तर साधारण निम्मं. छातीला आणि मांड्यांना जास्त, थोडं आतून. मग ट्रेवर ठेवून फ्रिजमध्ये, वर काही न झाकता. पहिल्यांदा पाणी सुटतं, मग ते मीठ घेऊन तेच पाणी परत आत मुरतं, आणि उघडी ठेवल्यामुळे कातडी कोरडी होत जाते. गुरुवारी ती हाताला अगदी कागदासारखी लागते, तशीच हवी, कोरडी कातडीच कुरकुरीत होते.

पण आधी पाकीट वाचा. कोशर शिक्क्याची (ज्यू धर्माच्या नियमांप्रमाणे तयार केलेली) टर्की आधीच मीठ लावलेली असते. आणि काही पाकिटांवर बारीक अक्षरात मिठाच्या पाण्याचं सोल्यूशन इतके टक्के असं लिहिलेलं असतं, ऑरगॅनिकमध्येही असू शकतं. अशीला मीठ चोळायचं नाही. घटक फक्त टर्की असेल तीच घ्या, म्हणजे तुम्ही पाण्याचे पैसे देत नाही आणि मीठ तुमच्या हातात राहतं.

आपला मसाला लावून करता येईल का? दह्यात मॅरिनेट करू?

मसाला जरूर, दही नको. दह्याने कातडी ओली राहते आणि दोन-तीन तास ओव्हनमध्ये राहिली की डाग पडून करपते. आलं-लसूण वरून चोपडलंत तरी तेच, लसूण जळून कडवट होतो. सगळं कातडीच्या खाली घाला.

१२ पाउंडाच्या टर्कीला एक स्टिक मऊ अनसॉल्टेड बटर, दोन टेबलस्पून आलं-लसूण-हिरवी मिरची वाटण, मूठभर बारीक कोथिंबीर, दोन चमचे मालवणी मसाला, अर्ध्या लिंबाची किसलेली साल. मानेच्या बाजूने बोटं कातडी आणि छातीच्या मांसाच्या मधे हळूहळू सरकवायची, अंगठ्या काढून ठेवा नाहीतर कातडी फाटते. मधे एक पातळ पडदा लागतो, तो बोटाच्या पेराने सोडवत गेलं की कातडी पिशवीसारखी मोकळी होते. मांडीपर्यंत हात जातो. मग बटर आत घालून वरून कातडीवरूनच दाबत पसरवा. वरून फक्त तेलाचा हात आणि हळद-तिखट.

कोल्हापुरी कांदा-लसूण मसाला वापरणार असाल तर त्यात मीठ असतं हे विसरू नका, आधीच मीठ लावलेल्या टर्कीला तो एक चमचाच बास.

किती वेळ आणि किती डिग्रीला भाजायची?

सगळ्यात आधी ओव्हन उघडून आतल्या कढया, तवे, पोळपाट बाहेर काढा! आपल्या घरात ओव्हन म्हणजे कपाट असतं आणि सकाळच्या गडबडीत कुणीतरी तसाच चालू करतं.

३२५ डिग्री, आत काही भरलेलं नसेल तर ८ ते १२ पाउंडाला पावणेतीन ते तीन तास, १२ ते १४ ला तीन ते पावणेचार, १४ ते १८ ला पावणेचार ते सव्वाचार. ३२५ च्या खाली जाऊ नका, रात्रभर मंद ओव्हनमध्ये ठेवायचं तर अजिबात नको. अर्धी आदल्या दिवशी भाजून अर्धी दुसऱ्या दिवशी, हेही नाही. छाती लवकर लाल झाली तर वर फॉइल सैल टाका. दर वीस मिनिटांनी दार उघडून रस ओतत बसू नका, त्याने कातडी मऊ पडते आणि ओव्हन गार होत राहतो. अॅल्युमिनियमचा वापरून फेकायचा ट्रे असेल तर खाली जाड बेकिंग शीट ठेवा, तो ट्रे मधेच वाकतो आणि गरम चरबी पायावर येते.

माझी आवडती पद्धत मात्र वेगळी आहे. मजबूत कात्रीने पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढायचा, टर्की उलटी करून छातीच्या हाडावर दोन्ही तळहातांनी जोर द्यायचा, कट्ट आवाज येतो आणि ती पुस्तकासारखी उघडून सपाट बसते. ४२५ डिग्रीला १२ पाउंडाची साधारण दीड तासात होते, सगळीकडे सारखी शिजते आणि कातडी सगळी वरच्या बाजूला असल्यामुळे सगळी कुरकुरीत. कणा आळणीत जातो. एवढ्या डिग्रीला थोडा धूर होतो, एक्झॉस्ट चालू ठेवा.

झाली हे कसं ओळखायचं? आत एक प्लास्टिकचं बटण आहे ते वर आलं की झाली ना?

बटणावर अवलंबून राहू नका, ते एकाच जागेचं सांगतं आणि बऱ्याचदा ते वर येईपर्यंत छाती कोरडी झालेली असते. काटा किंवा डिजिटल थर्मामीटर घ्या, या सगळ्या खर्चात तोच सर्वात उपयोगी. छातीच्या सगळ्यात जाड भागात, मांडीच्या आतल्या बाजूला आणि पंखाच्या सांध्याजवळ, हाडाला टेकू न देता खुपसायचा. तिन्हीकडे १६५ पाहिजे. मांडी १७५ पर्यंत गेली तर उलट जास्त मऊ लागते. पाकिटावरची वेळ संपायच्या पाऊण तास आधीपासून बघायला लागा.

बाहेर काढल्यावर निदान २० मिनिटं हात लावायचा नाही, लगेच कापली तर सगळा रस पाटावर जातो.

१६५ झालं पण मांडीजवळ गुलाबी दिसतंय. परत ओव्हनमध्ये टाकू का?

नको. रंगावरून काही कळत नाही. लहान वयाच्या पक्ष्यांत हाडाजवळचा भाग गुलाबी राहू शकतो, गॅसच्या ओव्हनमध्येही तसं होतं. तिन्ही जागी १६५ असेल तर ती शिजलेली आहे. उलट सगळी पांढरी दिसतेय पण १५० आहे, ती मात्र परत टाकायची.

शाकाहारी पाहुण्यांसाठी काय काय वेगळं करायला लागेल?

स्टफिंग टर्कीच्या पोटात भरूच नका. आतलं स्टफिंगसुद्धा १६५ व्हायला लागतं आणि तोपर्यंत छातीचा चोथा होतो. वेगळ्या भांड्यात केलं की शाकाहारी पण खातात, फक्त डब्यावर वाचा, तयार स्टफिंगमध्ये आणि ब्रॉथमध्ये चिकनचा अंश असू शकतो. रताळ्यावर मार्शमेलो घालतात त्यात जिलेटिन असतं, त्याऐवजी गूळ आणि पिकान घाला. ग्रेव्ही दोन करा आणि वाढायचे चमचे वेगळे ठेवा. क्रॅनबेरी सॉस तसा शाकाहारीच असतो, पण ताज्या क्रॅनबेरीचं मोहरी-मेथीची फोडणी देऊन लोणचं करा, इतकं आंबट फळ आपल्या फोडणीसाठीच आहे.

थँक्सगिव्हिंग गुरुवारीच येतं. आमच्याकडे गुरुवारी चालत नाही, आणि मार्गशीर्ष असला तर सासूबाई घट मांडतात. काय करायचं?

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि तो अगदी खरा आहे. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरचा चौथा गुरुवार, १९४१ च्या कायद्यापासून पक्का, त्यामुळे दत्ताचा वार टळत नाही. मार्गशीर्ष मात्र दरवर्षी त्या गुरुवारी येत नाही. २०२५ मध्ये २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिलाच गुरुवार होता, २०२६ मध्ये अधिक महिना आल्यामुळे २६ नोव्हेंबर कार्तिकातच आहे. कॅलेंडर बघून ठरवा.

सोपा मार्ग म्हणजे टर्की शुक्रवारी. बऱ्याच जणांना शुक्रवारी सुट्टी असते, गुरुवारी पुरणपोळी किंवा साधं शाकाहारी जेवण करा आणि टर्की एक दिवस पुढे ढकला. मिठातली टर्की तिसरा दिवस आरामात काढते, फक्त वितळवायचं गणित एक दिवस पुढे सरकवा. घरातल्या मोठ्यांना वाईट वाटेल असं करून जेवण गोड लागत नाही, आणि एका दिवसाने टर्कीचं काही बिघडत नाही.

आई ओव्हनमधलं काहीच खाणार नाही त्यात टर्की गेली तर. दुसरा उपाय?

बाहेरच्या ग्रिलवर करा. गॅस ग्रिल असेल तर एका बाजूचेच बर्नर लावायचे, टर्की दुसऱ्या बाजूला, झाकण बंद, आत ३२५-३५० ठेवायचं. किंवा १८ क्वार्टचा इलेक्ट्रिक रोस्टर मिळतो, तो गॅरेजमध्ये दार उघडं ठेवून लावा. त्यात कातडी तितकी कुरकुरीत होत नाही, मांस मात्र मऊ होतं. थर्मामीटरचा नियम तोच.

गुरुवारी सकाळी बघितलं तर आत अजून बर्फ! आता?

घाबरू नका. ३२५ च्या ओव्हनमध्ये गोठलेली टर्कीसुद्धा सरळ भाजता येते, वेळ मात्र निदान दीडपट लागतो. तास-दीड तासाने आतली पिशवी सुटी होते, ती चिमट्याने काढून घ्या. मसाला तेव्हा वरून लावा. पाहुण्यांना वडे देऊन बसवा. फक्त एक कधीही करायचं नाही: अर्धवट गोठलेली टर्की उकळत्या तेलात सोडायची नाही, तेल उसळून आग लागते.

उरलेल्याचं काय करू? अमेरिकन सँडविच खाऊन कंटाळा येतो.

दोन तासांच्या आत हाडांवरून मांस सोडवून उथळ डब्यांत फ्रिजमध्ये, ३-४ दिवस टिकतं, त्यापुढचं फ्रीझ करा. सांगाडा फेकू नका! मोडून मोठ्या पातेल्यात कांदा, आलं, मिरी, दालचिनी घालून तीन तास मंद उकळा. त्या पाण्याचा पांढरा रस्सा करा: काजू, तीळ, खसखस भिजवून गंधासारखं वाटायचं, तुपात वेलची-लवंग-हिरवी मिरची, वाटण परतायचं, स्टॉक घालायचा, उकळी आली की आच बारीक करून नारळाचं दूध. दूध घातल्यावर खळखळ उकळू द्यायचं नाही, फाटतं. मांडीच्या मांसाचं सुकं करा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण घालून. छातीचं मांस कोरडं असतं म्हणून ते बिर्याणीत घालू नका, हाताने तोडून बटाट्याबरोबर पॅटिस करा. शिजलेली हाडं कुत्र्याला देऊ नका, ती टोकदार फुटतात.

आम्ही कॅनडात आहोत, बहीण लंडनला. आमच्यासाठी वेगळं काय?

कॅनडात थँक्सगिव्हिंग ऑक्टोबरचा दुसरा सोमवार, तेव्हा गुरुवारचा प्रश्न नाही, सोमवार करणारे असतील तर रविवारी जेवा, तिकडे बरेच लोक तसंच करतात. कॅनडा ऑरगॅनिकचा मेपलच्या पानाचा शिक्का बघा. तापमानाचा सरकारी सल्ला तिकडे वेगळा आहे: अख्ख्या पक्ष्याला ८२ डिग्री सेल्सियस, तुकड्यांना ७४. लंडनला ख्रिसमसला करतात, तिथे सॉइल असोसिएशनचा शिक्का शोधा. ओव्हन १६० ते १६५ सेल्सियस, पंख्याचा असेल तर १५-२० डिग्री कमी, आणि १२ पाउंड म्हणजे साडेपाच किलोला जरा कमी.